पाच पावलांची पंगत

माझं लग्न मूळव्याधीमुळं मोडता मोडता राहिलं, असं आमच्या पैपाहुण्यांत अजून सांगतात. साफ खोटं आहे. ज्याच्या नावावर ती मूळव्याध सांगतात त्याला ती कधीच नव्हती. ती मी काढलेली होती आणि तिची शिक्षाही मलाच मिळाली. पण आधी विश्वजितचं सांगते, कारण लग्न मोडलं असतं तर मी काय गमावलं असतं हे कळल्याशिवाय पुढचं सगळं तुम्हाला नुसता तमाशा वाटेल.

मी कावळा नाक्याजवळ दुचाकीच्या एका शोरूममध्ये तक्रारींच्या काउंटरला बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात, संध्याकाळी मी घरी जाऊन घरच्यांवर ओरडते, असा आमचा हिशेब होता. तिथं कुरुंदवाडचा हा पोरगा एका महिन्यात पाच वेळा स्कूटर घेऊन आला. दर वेळी एकच, "आवाज येतोय." आमच्या मेकॅनिकनं गाडी उलटीपालटी केली, आवाज काही सापडेना. पाचव्या वेळी मी तडकून विचारलं, "नक्की कुठं येतोय आवाज?" तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "हितं." इतका पांचट माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या तोंडावर हसले, मेकॅनिक हसला, रांगेतली माणसं हसली, आणि त्या दिवसापासून मी कामातून गेले.

विश्वजितला वडील नाहीत. त्याचे आज्जे, गणपतराव, यांनी त्याला तळहाताच्या फोडासारखं वाढवलेलं. म्हातारा एक्क्याऐंशीचा, काठी नुसती दुसऱ्याला दाखवायला वापरतो. विश्वजित माझ्यासाठी सगळं करेल, पण आज्ज्यांचा शब्द मोडणार नाही. हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच तो मला जास्त आवडला. हे आवडणं पुढं महागात पडलं.

आता आमच्याकडचं. रंकाळ्यापासून सात किलोमीटरवर आमचं गाव. माझे धाकटे चुलते अमरसिंह बावीस वर्षं फौजेत होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या गावात फौजेत गेलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्यात कुणी भेदभाव करत नाही. काका घरी आले तेव्हा गावानं जेसीबीतून त्यांच्यावर झेंडूची फुलं ओतली. इतकी ओतली की काका दिसेनात, मग हलगीवाल्यानं फुलांच्या ढिगाकडं बघूनच ठेका धरला आणि ढीग नाचायला लागला. काका असेच होते. घरातल्या सगळ्या बायकांना त्यांनी सावधान-विश्राम शिकवलं. आमची मोनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, रागावली की "पीछे मुड" म्हणायची आणि काका खरंच वळून चालायला लागायचे. त्यांच्याइतका हसरा माणूस आमच्या घरात आजवर झाला नव्हता.

एकच गोष्ट होती. काका कुणाबरोबर जेवायला बसत नसत. घरातले सगळे स्वयंपाकघरात ओळीनं बसलो की ते हातावर भाकरी घेऊन गोठ्यामागं जायचे आणि भिंतीला पाठ लावून उभ्यानं खायचे. काकीनं भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. "म्हशीसंगं संसार करा," म्हणाली. काका म्हणाले, "म्हस कटकट करत न्हाय." सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला. आमच्या घरात एखादी गोष्ट हसण्यावारी गेली की तिला परत कुणी हात लावत नाही.

साखरपुड्याला ती अंगाशी आली.

दारात मांडव. पहिली पंगत मानाची. आज्जे मधोमध बसले आणि शेजारचं पान त्यांनी स्वतः मेजरसाठी राखून ठेवलं. भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं. कुणी जेवेना. आज्जे म्हणाले, "मेजर कुठं हायत?" पप्पा शोधायला पळाले. मी माडीवरच्या खिडकीतून बघत होते. पप्पा गोठ्यात काकांचा एक हात ओढतायत आणि काकांनी दुसऱ्या हातानं म्हशीचं दावं घट्ट धरलंय. आमची म्हैस बिचारी कधी याच्या तोंडाकडं, कधी त्याच्या तोंडाकडं बघतेय. मला हसू आवरेना. खाली वाढलेला भात थंड होत होता हे माझ्या लक्षातच आलं नाही.

शेवटी आज्ज्यांनी शेजारचं पान उचलून न्यायला सांगितलं. तीन घास खाल्ले, हात धुतला आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

पंक्तीला न बसणं म्हणजे काय, हे आमच्याकडं पोराटोरांनाही कळतं. तुमच्याशी आमचा संबंध नाही, तुम्ही आमच्या बरोबरीचे नाही, असं ते तोंडावर सांगणं असतं. आणि आज्ज्यांना त्याचा जुना चटका होता. विहिरीच्या भांडणातून एकदा भावकीनं त्यांना वाळीत टाकलं होतं. लेकीच्या लग्नात चारशे माणसांचा स्वयंपाक झाला आणि पंगती रिकाम्या राहिल्या. सगळं अन्न जनावरांना घालावं लागलं. म्हाताऱ्याचं एक्क्याऐंशी वर्षांत एवढं एकच दुखणं होतं आणि आम्ही नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पप्पांना फोन आला. "आकारामराव, लग्नादिवशी मेजर माझ्या शेजारी जेवला तर अक्षता पडतील. न्हाय जेवला तर पोरगं गाडीत घालून माघारी नेणार. आमची बाकी काय मागणी न्हाय."

विश्वजित म्हणाला, "आपण पळून जाऊया."

"कुठं जायाचं पळून? कुरुंदवाडची एसटी धरून कोल्हापूरला?"

"मग काय करायचं?"

मला काय करायचं ते माहीत होतं. मी सरळ गोठ्यात गेले. म्हटलं, "काका, एक दिवस. एक ताट. माझ्यासाठी."

काका हसले. "नंदे, तुझ्या लग्नात डोक्यावर हुबा ऱ्हातो. उंटावर बसून येतो. पंक्तीचं तेवढं सांगू नगंस."

"पण का?"

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्याकडं बघेनात. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. मला राग आला. खरंच आला. मी माझं आयुष्य मागत होते आणि हा माणूस म्हशीला गोंजारत होता.

मग मी मूळव्याध काढली. विश्वजितला फोन केला आणि सांगितलं, "आज्ज्यांना सांग, काकांना बसता येत न्हाय. तसलं दुखणं हाय. लाजंनं बोलत न्हाईत." वाटलं, म्हातारा गप्प बसेल.

तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो आला. त्यात दहा किलो सुरण, ताकाचा कॅन आणि मधोमध भोक असलेली एक गोल उशी, निळ्या फुलांच्या कापडाची, मुद्दाम शिवून घेतलेली. सोबत आज्ज्यांच्या हातची चिठ्ठी होती. "मेजरांनी लाजू नये. मला स्वतःला बारा वर्षे होती."

टेम्पोवाला आमच्याच गावचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. मग औषधांची रीघ लागली. कुणी दुर्वांचा रस आणला, कुणी कुठल्या बाबाची अंगठी. पारावर म्हातारे विचारायचे, "मेजर, गोळी लागली म्हणं. नेमकी कुठं लागली?" सगळ्यात जास्त काकाच हसले. ती उशी हारासारखी गळ्यात घालून त्यांनी अंगणात परेड केली. आम्ही आठ दिवस सुरणाची भाजी खाल्ली आणि प्रत्येक घासाला घरातले सगळे माझ्याकडं बघत होते.

पण आज्ज्यांचा राग पार उतरला होता. त्यामुळं मला आणखी एक अक्कल सुचली. ज्यांच्या कार्यालयात लग्न होतं ते धनपालशेट म्हणाले होते, "हल्ली सगळे बुफे करतात, ताई. वाढपी कमी लागतात." बुफे! पंगतच नाही, मग बसायचा प्रश्न कुठं येतो? मी विश्वजितला सांगितलं, विश्वजितनं आज्ज्यांना.

"हातात ताट घिऊन रांगंत?" आज्जे गरजले. "आमी काय रेशनला आलोय?"

पण मूळव्याधीपुढं त्यांचं मन विरघळलं. जो बारा वर्षं भोगतो त्यालाच ते कळतं. म्हणाले, "चालंल. पण ताटाला ताट लावून माझ्या शेजारी हुबा ऱ्हायाचा."

मी उड्या मारतच गोठ्यात गेले. "काका, पंगत रद्द! बुफे! हुब्यानं खायाचं, तुमच्यागत!"

काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "लई हुशार झालीस की." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हंजी रांग असती न्हवं?"

"व्हय की! ही एवढी लांबलचक!"

"ताटं घिऊन?"

"ताटं घिऊन!"

"झ्याक," काका म्हणाले आणि शेणाची पाटी उचलून बाहेर गेले. मी तेव्हा त्यांच्याकडं नीट बघायला हवं होतं. नाही बघितलं. मी माझ्या आनंदात होते आणि आनंदात माणूस आंधळा होतो, हे मी स्वतःबद्दल लाज न बाळगता सांगते.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. हळद सकाळची, पण बायका नाचायला लागल्या त्या थांबेचनात. विश्वजितच्या आत्यानं आमच्या मोनाकाकीला नाचून हरवायचा चंग बांधला होता. दोघी दमून खाली बसायच्या, ठेका सुरू झाला की परत उठायच्या. जेवणाला साडेतीन वाजले. मी हळदीनं पिवळीधमक, हातात हिरव्या बांगड्या, आणि मला इतकी भूक लागली होती की मंडपाच्या खांबालाही तोंड लावलं असतं.

धनपालशेटच्या माणसानं जेवण तयार म्हणून पातेल्याच्या कडेवर पळी बडवली. टण टण टण. तीनशे माणसं ताटं घेऊन रांगेत लागली. रांग भिंतीच्या कडेनं निघून पार दारापर्यंत गेली. सगळ्यात पुढं आज्जे, पांढरा फेटा, हातात ताट, शेजारी मेजरसाठी जागा राखलेली.

काका दारात पाहुण्यांना नमस्कार करत उभे होते. पळीचा आवाज झाला तसे ते वळले. रांगेकडं बघितलं. आणि मोठ्यानं म्हणाले, "लाईन तोडा! पसरा! पाच मीटर अंतर!"

सगळे हसले. मेजरचं काहीतरी नवीन, असं प्रत्येकाला वाटलं. हलगीवाल्यानं त्यावर ठेका दिला. दोन करवल्या मुद्दाम पाच मीटर पळत गेल्या आणि खिदळत परत आल्या. मीही टाळ्या वाजवल्या.

"पसरा म्हणतोय! एका जागी थांबू नगा!"

काकांचा आवाज फाटला. त्यांनी एकाच्या हातातलं ताट ओढलं, दुसऱ्याला ढकललं. भात उडाला. कुणाच्या शालूवर आमटी पडली. काका रांगेतून पुढं पुढं येत होते, माणसं दोन्ही हातांनी बाजूला सारत होते आणि पुढं येता येता आज्ज्यांच्या ताटालाही त्यांचा हात लागला. ताट फरशीवर पडलं, गोल फिरत राहिलं आणि खणखणत आडवं झालं.

काकांनी खाली सांडलेल्या भाताकडं बघितलं. मग मागच्या दारानं पळत बाहेर गेले.

आज्जे म्हणाले, "विश्वजित, गाडी काढ."

विश्वजितनं माझ्याकडं बघितलं. तो जागचा हलला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. मी काकांच्या मागं पळाले, हळदीच्या ओल्या साडीत. मागून काठीचा आवाज आला. "थांब पोरी. मी बी येतो. त्येला तोंडावर सांगतो आन् मग जातो."

कार्यालयाच्या मागं पाण्याचा टँकर उभा होता. काका त्याच्या चाकाला पाठ लावून उभे होते. आज्ज्यांना बघितल्याबरोबर ते ताठ झाले, टाचा जुळवल्या, हात पँटच्या शिवणीला लावले. आणि साहेबाला द्यावा तसा रिपोर्ट दिला. एवढं सलग बोलताना मी काकांना कधी ऐकलं नव्हतं.

"मूळव्याध न्हाय मला. शेवटच्या पोस्टिंगला बॉर्डरवर आमची चौकी आन् त्यांची समोरासमोर व्हती. मधी दरी. माझं काम दुर्बिणीतनं बघायचं. आठ महिनं बघितलं. दुपारी सव्वाबाराला त्यांचा आचारी पायपावर पळी बडवायचा, मग सगळी ताटं घिऊन रांगंत. एक लंबूटांग रोज शेवटला. एक जण नाचायचा, फुडच्याला ढुंगणानं ढकलायचा. मी हिकडं एकटाच हसायचो. आमची बी रांग त्याच टायमाला लागायची. मला वाटायचं आमी संगंच जेवतोय."

आज्ज्यांनी काठी जमिनीवर टेकवली.

"मग तोफगोळं सुरू झालं. पैल्या दिवशी आमचा एक जण गेला. माझ्या शेजारच्या खाटंवरचा. दुसऱ्या दिवशी साहेबांनी इचारलं, ती सगळी एका जागी कवा असत्यात? मी सांगितलं. सव्वाबारा."

"लढाई हाय," आज्जे म्हणाले. "सांगायलाच पायजे."

"व्हय, सांगायलाच पायजे. गोळं बराबर रांगंवर पडलं. शाबासकी बी मिळाली." काका अजून ताठच उभे होते. "पर आज्जा, निम्म्यांच्या ताटात अजून वाढलंच न्हवतं. मी सव्वाबारा म्हटलं. साडेबारा म्हटलं असतं, तर जेवून तरी गेली असती."

मी रडायला लागले. मला थांबताच येईना.

"आता कुणी बी पंक्तीला बसलं, रांगंत लागलं, की वाटतंय ह्यांचा टाइम बी मीच कुणाला तरी सांगितलाय. घरात सुदिक. मोना, दादा, नंदी ओळीनं बसली की मी बाहीर जातो. बाहीरनं बघत ऱ्हातो, काय येतंय का."

म्हणजे गोठ्यामागं ते जेवायला जात नव्हते. आमच्यावर पहारा द्यायला जात होते. आणि आम्ही म्हशीचे विनोद करत होतो.

भरल्या ताटावरून वैऱ्यालाही उठवू नये, असं आमच्याकडं म्हणतात. ही गोष्ट काकांना माहीत होती, आज्ज्यांनाही माहीत होती, आणि दोघांपैकी कुणी ती बोलून दाखवली नाही. आज्ज्यांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "पाच मीटर म्हंजी किती पावलं?"

"पाच. लई झालं तर सहा."

आज्जे वळले आणि तरातरा हॉलकडं गेले. मी मागं. दारात उभं राहून म्हातारा असा ओरडला की हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली.

"ऐका! कुरुंदवाडकर आन् हिकडचं बी! परत्येकानं आपापलं ताट घ्यायचं आन् भाईर जायाचं. दोघांत पाच पावलं. कोण बी कोणाला चिकटून बसायचं न्हाय. जो बसंल त्येला मी ह्या काठीनं उठवीन. मेजरचा हुकूम हाय, माझा बी हाय."

ज्या माणसानं एका रिकाम्या पानासाठी लग्न मोडायला काढलं होतं त्यानंच सगळी पंगत उधळून लावली. विश्वजितच्या आत्यानं विचारलं, "पर का?" आज्जे म्हणाले, "जेव आधी." त्यांनी कारण कुणालाही सांगितलं नाही, आजतागायत सांगितलेलं नाही. म्हणून तर मूळव्याध अजून चालू आहे.

आणि मग जे झालं तसलं जेवण कोल्हापूर जिल्ह्यात कुणी जेवलं नसेल. तीनशे माणसं मैदानभर पसरली. कुणी टेम्पोच्या टपावर, कुणी झाडाच्या फांदीत, कुणी वरातीच्या घोड्याशेजारी. फोटोग्राफर पाण्याच्या टाकीवर चढला. भटजी स्टेजवरच्या सिंहासनात एकटेच बसून जिलबी खात होते. विश्वजितची आत्या आणि मोनाकाकी मैदानाच्या दोन टोकांवरून एकमेकींना ओरडून सांगत होत्या, "भाजी झ्याक झालीया!" "मीठ कमी हाय!" नवराबायको पाच पावलांवर, मायलेकी पाच पावलांवर. एकजण मधली पावलं मोजत फिरत होता आणि कमी भरली की दंड म्हणून जिलबी उचलत होता. हसून हसून माणसांना ठसका लागत होता आणि पाठीवर थाप मारायला जवळ जायची परवानगी नव्हती.

आधी काका टँकरमागून नुसते डोकावले. मग हळूच पुढं आले. एका कडेपासून सुरुवात करून ते प्रत्येकाजवळ गेले. "जेवलासा? पोट भरलं? नक्की?" जोपर्यंत समोरचा "भरलं" म्हणत नव्हता तोपर्यंत ते हलत नव्हते. ड्रायव्हरांना विचारलं, हलगीवाल्यांना विचारलं, भांडी घासायला आलेल्या बायकांना बसवून वाढलं. कुणी चेष्टेत "न्हाय भरलं" म्हणालं की स्वतः बादली घेऊन पळत जायचे. तास गेला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "भरलं, काका. गच्च भरलं." ते माझ्याकडं बघून हसले. हे हसू मी आधी पाहिलेलं नव्हतं.

शेवटी आज्जेच राहिले. ते लिंबाखाली मांडी घालून बसले होते, पुढ्यात ताट वाढलेलं, एक घासही न मोडता. त्यांच्यापासून पाच पावलांवर दुसरं ताट ठेवलेलं होतं.

"बस," आज्जे म्हणाले.

काकांनी मैदानावर एकदा नजर फिरवली. मग वर आभाळाकडं बघितलं. मग बसले. मांडी घालून, पाठीमागं भिंत नसताना. माझ्या लग्नाचा प्रश्न त्या क्षणी सुटला होता, पण देवाशपथ सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात लग्न नव्हतं. विश्वजित येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. पाच पावलं सोडून.

काकांनी भात कालवला. घास उचलला, पण तोंडाकडं नेला नाही. तो त्यांनी ताटाबाहेर, जमिनीवर ठेवला आणि हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

"किती जण व्हती?" आज्ज्यांनी विचारलं.

"अकरा."

"अकरा माणसं आन् एक घास? कुणी शिकवलं तुला वाढाय?" आज्जे कडाडले आणि काठी उंचावली. "धनपालशेट! ओ धनपालशेट! अकरा पत्रावळ्या मांडा हितं."

धनपालशेट भाताची बादली घेऊन धावत आले. इकडं तिकडं बघितलं. सगळं मैदान हात धुवून बसलेलं. "आज्जा, आता कोण राहिलंय जेवायचं?"

"हायत. लई दिवस ताटकळल्यात." आज्ज्यांनी आपलं ताट थोडं पुढं सरकवलं. "तूप सढळ हातानं घाला. पावणं हायत."